संकल्प आणि सोडलेले पाणी

दिवाळी जवळ आली की घरोघरी याद्या होऊ लागतात. वाण्याची यादी, कपड्यांची यादी, कुणाला काय ओवाळणी घालायची त्याची यादी. अशा याद्या करण्यात आपण मध्यमवर्गीय माणसे मोठी पटाईत. भाजणीत धने किती घालायचे हे आपण कागदावर लिहून ठेवतो, विम्याचा हप्ता कधी भरायचा त्याची दिनदर्शिकेवर खूण करतो. फक्त एक यादी आपल्या हातून होत नाही. हाती उरलेल्या आयुष्यात करायचे काय, आणि त्यातले आधी काय नि मागून काय, हे आपण कधी लिहीत नाही. विचारले तर "ते मनात आहे हो!" असे उत्तर मिळते. मनात पुष्कळच असते. आमच्या शेजारच्या एका काकांच्या मनात गेली पस्तीस वर्षे सतार शिकायचे आहे. सतार घरात आहे. तिची गवसणीसुद्धा दोनदा बदलून झाली.

ही उणीव भरून काढणारे लोक आता निघाले आहेत. कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून शिबिरे भरतात, आणि पांढरा कोरा कागद हाती देऊन सांगण्यात येते, 'आपल्या आयुष्याचे मिशन स्टेटमेंट लिहा.' स्टीफन कव्ही या अमेरिकन लेखकाचे सात सवयींवरचे पुस्तक १९८९ साली निघाले आणि जगभर खपले. या पद्धतीचा बोलबाला बराचसा त्याच्यापासूनचा. आपल्याच अंत्ययात्रेला आपण हजर आहोत अशी कल्पना करा, चार माणसांनी आपल्याविषयी काय बोलावे असे वाटते ते ठरवा, आणि मग आज कसे जगायचे ते लिहा, असे त्याचे सांगणे.

आमच्या महाविद्यालयातही असे एक शिबिर झाले. व्याख्यात्यांनी आम्हाला दहा मिनिटे दिली. दहा मिनिटांत आयुष्याचा हेतू! आम्ही मराठीवाले एवढ्या वेळात एखाद्या कवितेचे शीर्षकसुद्धा समजावून देत नाही. कागद गोळा झाले, वाचून दाखवण्यात आले, तेव्हा सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. 'समाजासाठी काहीतरी करणे', 'सतत उत्कृष्टतेचा ध्यास घेणे', 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे.' गणिताच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तेवढे लिहिले होते: 'निवृत्तीपर्यंत रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि मत्सर कमी करणे.' लोक हसले. माझ्या मते त्या सभागृहात खरा असा तो एकच कागद होता.

पण शिबिर पोकळ निघाले म्हणून कल्पना पोकळ ठरत नाही. आणि ती नवीन तर मुळीच नाही.

अठराव्या शतकातला फिलाडेल्फियाचा छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन याची गोष्ट पाहा. पुढे तो शास्त्रज्ञ झाला, मुत्सद्दी झाला, अमेरिकेच्या शिल्पकारांत गणला गेला. पण हे व्हायच्या आधी, ऐन पंचविशीच्या सुमारास, त्याने आपल्याला हवेत असे तेरा सद्गुण लिहून काढले. मिताहार, मौन, नीटनेटकेपणा, काटकसर, उद्योग वगैरे. मग एक छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईने वाराचे सात रकाने आणि गुणांच्या तेरा ओळी आखलेल्या. ज्या दिवशी ज्या गुणात चूक घडेल तिथे काळा ठिपका. एका आठवड्यात एका गुणावर भर; म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी, आणि वर्षात बरोबर चार फेऱ्या. वाण्याला शोभेलसा हिशेब! मुळात गुण बाराच होते. एका स्नेह्याने प्रेमाने सांगितले की लोक तुला गर्विष्ठ समजतात; तेव्हा तेरावा, नम्रता, हा घातला गेला. ठिपके खोडून खोडून वहीची पाने फाटू लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पत्रे वापरले. त्यावरची पेन्सिल ओल्या स्पंजने पुसता येई.

सगळ्यांत छळले त्याला नीटनेटकेपणाने. वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि काम वेळच्या वेळी करणे त्याला म्हातारपणापर्यंत साधले नाही. त्यावर त्याने आत्मचरित्रात एक किस्सा दिला आहे. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखेच तिचे सगळे पाते चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, चाक तू फिरव, मी घासून देतो. चाक फिरवता फिरवता गडी दमला आणि म्हणाला, आहे तशी दे. लोहार म्हणाला, अजून फिरव, आता कुठे ठिपके ठिपके दिसताहेत. त्यावर हा म्हणतो कसा, मला ठिपक्याठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते!

मला फ्रँकलिन आवडतो तो या किश्शामुळे. परंतु त्याची वही कसे वागावे हे सांगते; कशासाठी जगावे, आणि दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी दाराशी उभ्या राहिल्या तर कुणाला आत घ्यावे, याचे उत्तर तिच्यात नाही. आपली खरी अडचण ती आहे. वाईट गोष्टी टाळणे आपल्याला जमते. चांगल्यातून चांगले निवडताना आपला जीव जातो.

त्यासाठी मी वाचकांना घरच्याच एका कागदाकडे नेते. तो आहे गोपाळ कृष्ण गोखल्यांचा.

१८९७ साली गोखले विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली आणि गाजली. वय तीस; फर्ग्युसन महाविद्यालयातला एक मास्तर, आणि तो साम्राज्याच्या जमाखर्चाची उलटतपासणी करतो आहे! पण इकडे पुण्यात प्लेग होता. घरोघर तपासणीसाठी गोरे सोल्जर शिरत होते, आणि त्यांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे गोखल्यांना विलायतेत जात होती. त्या पत्रांच्या आधारावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला मजकूर दिला. त्याच जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडलेली; वातावरण पेटलेले. गोखले परत आले तेव्हा त्या मजकुराला पुरावा पुढे करता येईना, आणि पत्रे लिहिणाऱ्या मित्रांची नावे तर सांगायची नव्हती. त्यांनी जाहीर माफी मागितली. सरकारधार्जिण्यांनी त्यांना खोटारडे म्हटले, स्वकीयांनी भेकड म्हटले. सार्वजनिक आयुष्य संपले असे कुणालाही वाटावे अशी ती वेळ.

तशा त्या दिवसांनंतरचा, ५ फेब्रुवारी १८९८ या तारखेचा, गोखल्यांचा एक कागद त्यांच्या चरित्रांतून आलेला आहे. दत्तगुरूंचे स्मरण करून त्यांनी त्यात आपण काय काय साधणार ते लिहिले आहे. नियमाने योग करायचा. प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास, तसेच तत्त्वज्ञान, यांचे चांगले ज्ञान मिळवायचे. शिवाय खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा! मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद व्हायचे, मग वरिष्ठ कायदेमंडळाचे, मग ब्रिटिश पार्लमेंटचे, आणि तिन्ही ठिकाणी देशाचे हित करायचे. शेवटी सर्वोच्च तत्त्वज्ञानाच्या धर्माचा प्रचार साऱ्या जगात करायचा.

पहिल्यांदा वाचताना हसू येते. चांगल्या घरातल्या हुशार मुलाने परीक्षेच्या आदल्या महिन्यात केलेले वेळापत्रकच ते. पण ती तारीख ध्यानात घेतली की हसू मावळते. चहूकडून थुंकी झेललेला माणूस सहा महिन्यांनी कागद घेतो आणि 'मी पार्लमेंटात जाईन' असे लिहितो, तेव्हा तो स्वतःला हात देऊन उठवत असतो. दादाभाई नौरोजी १८९२ साली पार्लमेंटात निवडून गेलेले होते. तेव्हा ते स्वप्न अगदीच हवेतले होते असेही नाही.

त्या कागदाचे पुढे काय झाले? १८९९ साली गोखले मुंबईच्या कायदेमंडळात गेले, आणि दोनच वर्षांनी वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून आले. पार्लमेंटात ते गेले नाहीत. जगभर धर्मप्रचारही झाला नाही. परीक्षकाच्या नजरेने पाहिले तर निकाल मध्यम. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतर सात वर्षांनी आलेला दुसरा कागद.

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकाडावर भारत सेवक समाजाची स्थापना झाली. आधी गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग देवधर, पटवर्धन आणि द्रविड या तिघांना दिली. शपथा सात. देशाचा विचार सर्वांत आधी करीन. सेवेतून स्वतःचा फायदा पाहणार नाही. जातिधर्माचा भेद न मानता सर्व देशबांधवांना भाऊ समजेन. संस्था मला आणि माझ्या कुटुंबाला जे देईल त्यात समाधान मानीन, अधिक पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कुणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही. आणि संस्थेच्या ध्येयाला बाध येईल असे काही करणार नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सगळीकडे 'मिळवीन', 'होईन'. दुसऱ्यात जिकडे तिकडे 'नाही'. फायदा नाही, पैसा नाही, भांडण नाही. भूगर्भशास्त्र नाही, फ्रेंच नाही, पार्लमेंटही नाही. माणूस एकच, पण मधल्या सात वर्षांत त्याला आपल्या इच्छांमधून आपले काम सापडले होते. आणि हे 'नाही' कागदावरच राहिले नाही. १९१४ साली सरकारने 'सर' ही पदवी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली असताना त्यांनी ज्यासाठी आपली ताकद वेचली ते प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक; त्याचा तर पहिल्या कागदात उल्लेखही नाही. १९११ साली त्यांनी ते मांडले, आणि १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडले. १९१५ साली गोखले गेले, वय अठ्ठेचाळीस. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे झाला तो २००९ साली.

आमच्या शिबिरातले व्याख्याते 'मिशन स्टेटमेंट'ला मराठी शब्द मागत होते. कुणी 'ध्येयनिवेदन' म्हटले, कुणी 'हेतुपत्र'. आपला 'संकल्प' काय वाईट आहे? पूजेला बसलेल्या माणसाचा संकल्प आठवा. भटजी आधी त्याला तो कुठे बसला आहे ते सांगायला लावतात: कोणते द्वीप, कोणता देश, कोणत्या नदीचा कोणता तीर. मग काळ: संवत्सर, महिना, पक्ष, तिथी. मग स्वतःचे गोत्र आणि नाव. एवढे झाल्यावर मग 'मी अमुक करीन'. म्हणजे आधी माणसाने आपली जागा ओळखायची. आणि एवढे म्हणून झाल्यावर शेवटी काय करायचे? तर पळीने उजव्या हातावर पाणी घ्यायचे आणि ते ताम्हनात सोडायचे.

आता आपली भाषा किती शहाणी आहे पाहा. 'पाणी सोडणे' याचा व्यवहारातला अर्थ काय? त्याग करणे, आशा सोडणे. 'त्या नोकरीवर मी पाणी सोडले' असे आपण म्हणतो. दान देतानाही उदकच सोडायचे असते. धरणे आणि सोडणे या दोन क्रिया आपल्या पूर्वजांनी एकाच तळहातावर ठेवल्या. शिबिरातल्या कागदांत जे उणे होते ते हेच. पाणी कशावर सोडले ते कुणी लिहिले नव्हते. संकल्पाच्या प्रत्येक ओळीसमोर 'यासाठी कशावर पाणी सोडीन?' असा एक रकाना आखला असता, तर निम्मे कागद तिथेच मिटले असते.

यात आणखी एक पेच आहे, आणि तो आम्हा बायकांना लवकर दिसतो. संकल्प एकाचा आणि पाणी दुसऱ्याच्या हातून, असे पुष्कळदा होते. गोखल्यांच्या चौथ्या शपथेत 'मला आणि माझ्या कुटुंबाला' असे शब्द येतात. शपथ घेणारा एकटा, भात कमी पडणार तो सगळ्यांना. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, आणि तिच्यापायी आपले सर्वस्व ओतले. कर्वे थोरच. पण त्या काळात घर चालवताना कशी ओढाताण होत होती हे पाहायचे असेल तर बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' वाचावे. त्या स्वतः विधवा असून पुनर्विवाह करून आलेल्या, संस्थेविषयी त्यांची तळमळ काही कमी नव्हती; त्यांनी तिच्यासाठी वर्गण्याही जमवल्या. तरी संकल्पाची पाठची बाजू कशी दिसते ते त्या लपवीत नाहीत. मला वाटते, घरातल्या कुणीही असा कागद लिहिला की तो घरात वाचून दाखवावा. पाणी कुणाच्या हातचे जाते आहे, ते तिथल्या तिथे कळते.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही घरी हा प्रयोग केला. घरात आम्ही चौघे: सासूबाई, हे, मी, आणि बारावीतली मुलगी. अट एकच, दोन रकाने भरायचे. यांच्या पहिल्या रकान्यात घराचे कर्ज फेडणे, रोज टेकडी चढणे आणि गावच्या जमिनीत आंबा लावणे अशी तीन कलमे झाली. दुसरा रकाना बराच वेळ रिकामा. शेवटी त्यांनी लिहिले, 'जेवणानंतर मोबाइलवरचे राजकारण.' आंब्याला यांच्या मोबाइलवरचे राजकारण पुरते की नाही ते दिसेलच, पण टेकडीला पुरते आहे.

माझ्या कागदावर ओव्या होत्या. सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या. त्यांना आणि त्यांच्या गावच्या बायकांना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. या क्षेत्रात मोठे काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी करून ठेवले आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या. माझे काम त्यापुढे पळीभर. एका गावातल्या, माझ्या ओळखीच्या नऊ बायका. पण त्या नऊजणींत सगळ्यांत धाकटी ७४ वर्षांची आहे. त्याच आठवड्यात मला महाविद्यालयाने परीक्षा विभागाचे प्रमुखपद देऊ केले होते. मान होता, पुढच्या बढतीला उपयोग होता, आणि काम वाईट नव्हते. कुणीतरी ते नीट करायलाच हवे. मी दुसऱ्या रकान्यात ते लिहिले. लिहिताना हात जड झाला, हे खरे. सोमवारी नकाराचे पत्र दिले. वरिष्ठांनी कारण विचारले. मी 'ओव्या' म्हटले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मुलीने लिहिले होते, 'डॉक्टर होणे.' समोर, दुसऱ्या रकान्यात, 'गाणे.' मग ते खोडले होते. मग पुन्हा लिहिले होते. ती सात वर्षे गाणे शिकते आहे. प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासामुळे क्लास बंद करावा असे घरात कुणी तिला म्हणाले नव्हते. पण शेजारीपाजारी सगळ्यांच्या मुलांनी काही ना काही बंद केले आहे, हे तिला दिसत होते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "अगं, हे पाणी तू सोडलंस की तुझ्या हातावर धरून कुणी सोडवलं?"

ती रडली. मग बरेच बोलणे झाले. ते सगळे इथे सांगण्यासारखे नाही. ठरले ते इतकेच, की आठवड्यातले दोन क्लास होते त्यांतला गुरुवारचा राहील. डॉक्टर होणे तिने खोडलेले नाही. परीक्षेचे काय होते ते पुढच्या वर्षी कळेल. आणि एका क्लासाने तिचे गुण कमी झाले, तर ते कमी झाले असे आम्हाला तिच्याबरोबर सोसावे लागेल. हे यांनी तिच्या कागदाखाली स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. तशी सही मी कुठल्या शिबिरात पाहिलेली नाही.

सासूबाईंनी मात्र स्वतःचा कागद लिहिला नाही. "माझं ओझं आता उतरत आलंय, मी कशावर पाणी सोडू?" असे म्हणाल्या. थोड्या वेळाने स्वतःच बोलल्या, "घरचा फराळ सोडते यंदा. विकत आणा. त्या चार दिवसांत मला गावी न्या." घरच्या फराळाविषयी त्यांचा अभिमान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे केवढे उदक ते कळेल.

भाऊबीज झाली की आम्ही चौघे निघतो आहोत. चाली टिपून घेण्याचे काम मुलीने आपण होऊन अंगावर घेतले. मला शब्द कळतात, सूर हातून निसटतात. सासूबाईंची चुलत जाऊ ८६ वर्षांची आहे; गावात सगळ्यांत जास्त ओव्या तिच्यापाशी. माळ्यावरचे जाते खाली काढून धुऊन ठेवले आहे, असा तिचा निरोप आला. मात्र रिकामे जाते ओढून ओव्या आठवत नाहीत, तेव्हा येताना दोन पायली जोंधळे घेऊन या, असेही तिने बजावले आहे.